‘आता माका जावंदे’: एका वाक्याचे तीन अर्थ

काकांना घशाचा कॅन्सर होता. शेवटच्या दिवसांत एका दुपारी पडवीतल्या खाटेवरून ते म्हणाले, ‘आता माका जावंदे.’ मुंबईहून आलेल्या चुलतभावाला वाटलं, ते खचलेत, गोव्यातल्या बांबोळीच्या मोठ्या रुग्णालयात हलवून आणखी उपचार करायला हवेत. काकूला वाटलं, त्यांना नळ्या नकोत. मी रात्रभर जागा होतो, कारण मला वाटलं की ते आमच्याकडे मरण मागतायत.

ज्यांच्या घरात आज असं माणूस आहे, किंवा ज्यांना स्वतःबद्दल आधीच ठरवून ठेवायचंय, त्यांच्यासाठी त्या वाक्याचे तीन अर्थ शेजारी ठेवतो: उपचार थांबवा, मला मरण द्या, दुखणं थांबवा.

पहिल्याला आपल्याकडे कायद्याची वाट आहे. ती खुली झाली अरुणा शानभाग यांच्या प्रकरणातून. कोकणपट्टीच्याच दक्षिणेकडच्या हळदीपूरची ही मुलगी मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका होती. १९७३ मध्ये तिच्यावर झालेल्या हल्ल्यानंतर ती जवळपास ४२ वर्षं अंथरुणावर होती. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निष्क्रिय दयामरण, म्हणजे जगवणारे उपचार काढून घेणं, उच्च न्यायालयाच्या परवानगीने मान्य केलं; पण अरुणासाठी केलेली याचिका फेटाळली. तिला सांभाळणाऱ्या परिचारिकांना ती हवी होती. तिला व्हेंटिलेटर नव्हता, होतं ते भरवणं. मग थांबवायचं काय? घास? उपचार कुठे संपतात आणि सेवा कुठे सुरू होते, ही रेघ कागदावर वाटते तितकी सरळ नाही.

२०१८ मध्ये न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे लिव्हिंग विलला, मान्यता दिली. २०२३ मध्ये पद्धत सोपी झाली. दोन साक्षीदारांसमोर सही करायची, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यायचं, आपल्या वतीने कोण बोलणार त्याचं नाव लिहायचं. प्रत जपून ठेवायची जबाबदारी ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. वेळ आली की डॉक्टरांची दोन मंडळं एकामागून एक तपासून निर्णय देतात.

आमच्याकडे हे सगळं अजून ‘स्वतःच्या जबाबदारीवर डिस्चार्ज’ या एका सहीवर चालतं. रुग्णवाहिकेत ऑक्सिजन लावून माणूस घरी आणतात, तोंडात गंगाजळ घालतात. सही करणारा मुलगा पुढे वर्षानुवर्षं स्वतःला विचारत राहतो, ‘मीच सोडलं का?’ इच्छापत्र असेल, तर निदान हे ओझं त्याच्यावर येत नाही.

दुसरा अर्थ आपल्याकडे गुन्हा आहे. डॉक्टरने इंजेक्शन देऊन जीव घेतला तर तो मनुष्यवध, आणि आत्महत्येला मदत करणं भारतीय न्याय संहितेत दंडनीय. नेदरलँड्समध्ये २००२ पासून ठरावीक अटी पाळून डॉक्टर मरण देऊ शकतो. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात १९९७ पासून डॉक्टर फक्त औषध लिहून देतो, घेणारा रोगी स्वतः. आयुष्य सहा महिन्यांहून कमी उरल्याचं दोन डॉक्टरांनी सांगावं लागतं.

या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा मला छळतो. मोटर न्यूरॉन आजारात हातपाय जातात, बोलणं जातं, बुद्धी बहुधा शाबूत राहते. व्हेंटिलेटरवर असलेल्याला तो काढायला सांगता येतं. जो अजून व्हेंटिलेटरवर गेलेला नाही, त्याला काढायला सांगण्यासारखं काहीच नसतं. दोघांचं दुःख एकच असताना एकाला वाट आणि दुसऱ्याला नाही, यावर माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही.

तरीही आज आपल्याकडे हा कायदा नको, असंच मी म्हणेन. आमच्या वाडीत अर्ध्या घरांना कुलपं आहेत. उरलेल्या घरांत म्हातारी माणसं मुलांची वाट बघत, गणपती-शिमग्याचे दिवस मोजत राहतात. ‘पोरांका आपलो त्रास नको’ हे वाक्य त्यांच्या तोंडी रोजचं आहे. अशा माणसासमोर मरणाचा अर्ज ठेवला, तर तो इच्छेने सही करेल की संकोचाने? ओरेगॉनच्या अहवालांत मरण मागणाऱ्यांची पुढे येणारी कारणं वेदनांपेक्षा स्वावलंबन गेल्याची आणि आवडीचं काही करता न येण्याची असतात. घरच्यांवर भार होण्याची भीतीही त्यांत असते. म्हणजे वेदना शमवल्या की मागणी संपेल, असं म्हणून मलाही सुटता येत नाही.

प्रायोपवेशनाचं, म्हणजे अन्न सोडून मरण स्वीकारण्याचं, उदाहरण इथे हटकून निघतं. पेण तालुक्यातल्या गागोद्याला जन्मलेल्या विनोबांनी १९८२ मध्ये पवनारला अन्न आणि औषध सोडलं. तो त्यांचा स्वतःचा निर्णय होता. घराने टाकलेल्या म्हाताऱ्याच्या उपासमारीला ते नाव देऊ नये.

तिसऱ्या अर्थाकडे आम्ही सगळ्यात उशिरा वळलो, आणि काकांच्या मनात तोच होता. मॉर्फिन म्हणजे शेवट, अशी घरात भीती होती. प्रत्यक्षात जाणकार डॉक्टर मात्रा हळूहळू बसवतो. हेतू वेदना कमी करण्याचा असतो, जीव घेण्याचा नाही. २०१४ मध्ये कायदा बदलून मॉर्फिनचा परवाना सोपा झाला, तरी सगळीकडे ते मिळत नाही, म्हणून जिल्हा रुग्णालयात पॅलिएटिव्ह, म्हणजे वेदना शमवणाऱ्या, सेवेची चौकशी आधीच करून ठेवा. घरी झेपत नसेल तर शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सररुग्णांना सांभाळणारं शांती आवेदना सदन आहे, वांद्र्याला १९८६ पासून आणि गोव्यात लोटलीलाही. आजाराइतकंच एकटेपण किंवा नैराश्य बोलत असेल, तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे.

मॉर्फिन सुरू झाल्यावर चौथ्या दिवशी काकांनी पातळ पेज मागितली आणि कलमांना मोहर कसा आलाय ते विचारलं. पुढचे पाच आठवडे ते वाक्य त्यांनी पुन्हा उच्चारलं नाही. गेले ते माजघरात, काकूचा हात धरून.

यंदा मी माझं इच्छापत्र लिहायला घेतलं. व्हेंटिलेटर नको, हे लगेच लिहून झालं. मुलीने कागद वाचला आणि विचारलं, ‘आणि बाबा, जेवणाची नळी?’ ती ओळ अजून कोरी आहे.