सीएच३४१ए प्रोग्रामर, क्लिप आणि फ्लॅशरॉम : किनारपट्टीवरील वापराचा अनुभव

रत्नागिरी ते मालवण या पट्ट्यात लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्यांकडे बायॉसची (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीची) चिप वाचायला बहुधा एकच संच असतो : सीएच३४१ए हे आयसी बसवलेला काळा यूएसबी प्रोग्रामर, म्हणजे चिप वाचणारे-लिहिणारे उपकरण, आणि चिपच्या पायांना चिमट्यासारखी लागणारी सोबतची आठ पायांची क्लिप. मी तो संगणकावरील फ्लॅशरॉम या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरबरोबर वापरतो. तिघांपैकी फ्लॅशरॉम उत्तम आहे, प्रोग्रामर काही अटींवर चालण्याजोगा आहे आणि क्लिप सर्वांत कच्ची आहे. तरीही चिप सापडली नाही की बोल लागतो तो बिचाऱ्या फ्लॅशरॉमला.

फ्लॅशरॉम चिपला ९एफ ही आज्ञा पाठवून तीन बाइटांची ओळख मागते. विनबाँडच्या ८ मेगाबाइटच्या डब्ल्यू२५क्यू६४ चिपकडून सहसा ईएफ ४० १७ असे उत्तर येते. सविस्तर नोंदीचा पर्याय लावल्यास प्रत्यक्षात आलेले बाइट पडद्यावर दिसतात आणि दोष शोधायला तिथूनच सुरुवात करावी. सगळे एफएफ किंवा सगळी शून्ये आली, तर चिपला वीज मिळत नाही, क्लिप उलटी बसली आहे किंवा एखादा पाय टेकलेलाच नाही, असे समजावे. दर वेळी वेगळेच आकडे आले, तर संपर्क ढिला आहे. आकडे स्थिर असूनही चिपचे नाव सापडत नसेल, तेव्हाच फ्लॅशरॉमची नवी आवृत्ती घेऊन पाहण्यात अर्थ आहे. एकाहून अधिक नावे जुळली, तर चिपवर छापलेला क्रमांक भिंगातून वाचून नाव आपणच द्यावे लागते.

आपल्याकडे खरी अडचण संपर्काची आहे. समुद्रालगतच्या घरांतून आलेल्या बोर्डांवर चिपच्या पायांना खाऱ्या हवेचा थर चढलेला असतो आणि पावसाळ्यात क्लिपचे दातही काळवंडतात. दोन्ही आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने पुसल्यावर “मेलेली” चिप पुष्कळदा उत्तर देऊ लागते. क्लिप लावण्यापूर्वी चार्जर आणि बॅटरी काढावी. एवढे करूनही उत्तर आले नाही, तर क्लिपची वीज बोर्डावरील इतर भागांत वाटली जात असण्याची शक्यता असते; अशा वेळी चिप उतरवून सॉकेटमध्ये वाचणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

प्रोग्रामरबद्दल मोठी तक्रार व्होल्टेजची आहे. प्रोग्रामरच्या काळ्या बोर्डावर चिपला ३.३ व्होल्ट वीज मिळते, पण डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट येतात, त्यामुळे बोर्डात बदल करून घेणे किंवा व्होल्टेज निवडता येणारा प्रकार घेणे शहाणपणाचे. १.८ व्होल्टच्या चिपसाठी वेगळा अडॅप्टर लागतोच. यूएसबीच्या यादीत १ए८६:५५१२ हा क्रमांक दिसत नसेल, तर आधी प्रोग्रामरवरील जंपर (पिना जोडणारी छोटी टोपी) तपासावा.

चिप ओळखली गेल्यावरही लगेच लिहायला घेऊ नये. तिची सामग्री दोनदा वाचून दोन्ही फायलींचे शा-२५६ (फायलीच्या मजकुरावरून काढलेली खूणसंख्या) ताडून पाहावे. ओळखीचे तीन बाइट ढिल्या क्लिपमधूनही सुखरूप येतात, पण चिपच्या पूर्ण सामग्रीत कुठेतरी एखादा बिट घसरलेला असू शकतो.