पीएम सूर्य घर सबसिडी सेवा: पैशाची वाट सरळ, कागदांची वाकडी

छतावरच्या सौर पॅनेलसाठी केंद्राची सबसिडी पूर्वीही होती, पण ती ग्राहकाच्या हातात येत नसे. वीज कंपनी निविदा काढायची, त्यातून व्हेंडर (पॅनेल बसवून देणारा) आणि दर ठरायचे, ग्राहक सबसिडी वजा करून उरलेली रक्कम भरायचा आणि सबसिडी जायची व्हेंडरकडे. 30 जुलै 2022 ला राष्ट्रीय पोर्टल सुरू झाले आणि हा प्रवाह उलटला. आता ग्राहक स्वतः व्हेंडर निवडतो, किंमतही तोच ठरवून घेतो आणि सबसिडी थेट ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होते. 13 फेब्रुवारी 2024 ला सुरू झालेली पीएम सूर्य घर: मुफ्त बिजली योजना याच पायावर उभी आहे. तिच्यासाठी 75,021 कोटी रुपयांची तरतूद आहे आणि 2026-27 पर्यंत 1 कोटी घरांचे लक्ष्य आहे. मार्च 2025 मध्ये 10 लाख घरांचा टप्पा ओलांडला गेला.

पॅनेल कोणत्या कंपनीचे घ्यावे, हा या परीक्षणाचा विषय नाही. इथे तपासायची आहे ती सबसिडी वाटण्याची व्यवस्था: अर्ज, मंजुरी, तपासणी, पैसे. धोरण नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाचे, राष्ट्रीय पातळीवरची अंमलबजावणी आरईसी या सरकारी कंपनीची, आणि प्रत्यक्ष काम तुमच्या भागातल्या वीज वितरण कंपनीचे. आमचे मत आधीच सांगतो. पैसे देण्याची रचना चांगली आहे. मात्र पॅनेल छतावर चढण्याआधी झालेल्या चुकांमुळे सबसिडी हातची जाते, आणि त्या चुका पोर्टल वेळेत दाखवत नाही.

आधी दर. पहिल्या 2 किलोवॉटपर्यंत प्रत्येक किलोवॉटला 30,000 रुपये, त्यापुढच्या 1 किलोवॉटला 18,000. म्हणजे 1 किलोवॉटला 30,000, 2 ला 60,000, 3 ला 78,000, आणि त्यावर कितीही मोठा प्रकल्प असला तरी 78,000 च. ईशान्य, हिमालयीन अशा विशेष दर्जाच्या राज्यांत हे दर 10 टक्क्यांनी जास्त आहेत. निविदांच्या काळात सबसिडी सरकारने ठरवलेल्या किमतीच्या 40 आणि 20 टक्के अशी मोजली जायची. आता रक्कम ठरलेली असल्याने व्हेंडरने किंमत फुगवली तर तो बोजा ग्राहकाला लगेच दिसतो, आणि पॅनेल स्वस्त झाले तर तो फायदाही ग्राहकाकडेच राहतो. सबसिडीचा भर लहान घरांवर ठेवला आहे, हेही योग्यच.

या दरपत्रकातली एक ओळ मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटते. सबसिडी पॅनेलची एकूण क्षमता आणि इन्व्हर्टरची (पॅनेलची वीज घरच्या वापराजोगी करणाऱ्या यंत्राची) क्षमता यांपैकी जी कमी असेल तिच्यावर मिळते. 540 वॉटचे 5 पॅनेल म्हणजे 2.7 किलोवॉट. त्यावर इन्व्हर्टर 3 किलोवॉटचा असला तरी सबसिडी 2.7 वरच: 60,000 अधिक 0.7 गुणिले 18,000, म्हणजे 72,600. सहावा पॅनेल लावला की पॅनेल 3.24 किलोवॉटचे होतात, इन्व्हर्टर 3 चा आहे, आणि पूर्ण 78,000 मिळतात. कोटेशनवर नुसते ‘3 किलोवॉट सिस्टीम’ असे लिहिलेले असेल तर ते मान्य करू नका. पॅनेलची संख्या, प्रत्येकाचे वॉट आणि इन्व्हर्टरची क्षमता असे तीन आकडे वेगवेगळे लिहून घ्या.

किती क्षमता घ्यायची याचा हिशेब सोपा आहे. 1 किलोवॉटला सावली न पडणारी सुमारे 100 चौरस फूट जागा लागते आणि वर्षभराच्या सरासरीने दिवसाला 4 युनिट वीज मिळते, म्हणजे महिन्याला साधारण 120. पावसाळ्यात हा आकडा बराच खाली येतो. 3 किलोवॉटमधून महिन्याला सरासरी 360 युनिट निघतात. योजनेच्या घोषणेतले ‘300 युनिट मोफत’ याचा अर्थ सरकार 300 युनिट माफ करते असा नाही. तितकी वीज तुमचेच छत तयार करते, इतकाच त्याचा अर्थ. बिलातला स्थिर आकार, म्हणजे वापर कितीही असो दरमहा लागणारी रक्कम, नेट मीटर (घेतलेली आणि ग्रिडला दिलेली वीज वेगवेगळी मोजणारे मीटर) लागल्यावरही भरावा लागतो, त्यामुळे शून्य बिलाचे आश्वासन देणाऱ्याला आधी हा आकार विचारावा.

आता अर्ज. राज्य, वीज कंपनी आणि ग्राहक क्रमांक टाकून नोंदणी करायची, मोबाईलवर आलेल्या ओटीपीने ती पूर्ण करायची, मग अर्ज भरायचा. इतपत पोर्टल व्यवस्थित चालते. अडचण तिथे सुरू होते जिथे ‘तुम्ही काळजी करू नका, आम्ही सगळे भरतो’ म्हणत व्हेंडर स्वतःचा मोबाईल क्रमांक टाकतो. पुढे प्रत्येक टप्प्यावर ओटीपी त्याच्याकडे जातो, अर्ज कुठे थांबला ते ग्राहकाला कळत नाही, आणि सबसिडी मागण्याच्या वेळी दोघांत वाद झाला तर लॉगिन त्याच्याच हातात असते. अर्जात सबसिडी स्वेच्छेने सोडून देण्याचाही पर्याय आहे. दुसऱ्याने भरलेल्या अर्जात तो निवडला गेला आहे का, हे पैसे भरण्याआधी स्वतः उघडून पाहा. नोंदणी स्वतःच्या मोबाईलवरून करा, बाकी माहिती भरायला हवी तर मदत घ्या.

सर्वांत जास्त अर्ज अडतात ते नावावर. वीजबिल अजून वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर, बँक खाते मुलाच्या, आधारवर आडनाव आधी आणि पासबुकवर शेवटी. सरकारी पैसे खात्यात टाकणारी यंत्रणा खातेदाराचे नाव तपासते आणि ते जुळले नाही तर व्यवहार परत येतो. हे कळते तेव्हा पॅनेल बसून, मीटर लागून, तपासणीही झालेली असते. म्हणून क्रम उलटा ठेवा: आधी वीज जोडणीचे नाव बदलून घ्या. मूळ ग्राहक हयात नसेल तर मृत्यूचा दाखला, घराच्या मालकीचा कागद आणि बाकी वारसांची संमती तयार ठेवा. थकबाकी असेल तर ती आधीच भरा. नव्या नावाचे एक बिल हातात आले की मगच नोंदणी करा. यात एखादा महिना जातो, पण सबसिडी अडकल्यावर जाणाऱ्या महिन्यांपेक्षा तो परवडतो. पोर्टलने नोंदणीच्याच वेळी बिलावरचे आणि बँकेतले नाव पडताळून पाहिले असते तर हा सगळा त्रास वाचला असता. या सेवेतली ही मोठी उणीव आहे.

तांत्रिक मंजुरीचा टप्पा मात्र खरोखर सुधारला आहे. वीज ग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत 2024 मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार 10 किलोवॉटपर्यंतचा परिपूर्ण अर्ज तांत्रिक व्यवहार्यता न तपासता मान्य झाला असेच समजले जाते आणि मंजूर भार (जोडणीवर एका वेळी किती वीज वापरता येते ती मर्यादा) वाढवावा लागल्यास ते काम वीज कंपनी करते. 5 किलोवॉटपर्यंतच्या प्रकल्पासाठी वितरण यंत्रणा मजबूत करावी लागली तर तो खर्चही कंपनीचाच. फक्त एक गोष्ट विचारून घ्या: भार वाढल्याने सिंगल फेजची जोडणी थ्री फेज होणार आहे का? तसे झाले तर बऱ्याच ठिकाणी दरमहाचा स्थिर आकार वाढतो आणि तो कायमचा मागे लागतो.

सबसिडीची खरी परीक्षा पॅनेलच्या पाठीवर होते. अट अशी की पॅनेल भारतात बनलेले हवे आणि त्यातले सेलही (उन्हापासून वीज तयार करणारे छोटे तुकडे) भारतात बनलेले हवेत. बाजारात याला डीसीआर पॅनेल म्हणतात. आयात सेल वापरून इथे जोडलेले पॅनेल स्वस्त पडते, दिसायला तसेच असते, वीजही तेवढीच देते, पण सबसिडीला चालत नाही. कंपनी एकच असते आणि तिचे दोन्ही प्रकारचे पॅनेल बाजारात असतात, त्यामुळे ब्रँडवरून काहीच ठरत नाही. कोटेशन, करार आणि पावती या तिन्हींवर ‘डीसीआर’ हा शब्द असायला हवा. माल घरी आला की पॅनेल स्ट्रक्चरवर (छतावरच्या लोखंडी सांगाड्यावर) चढवण्याआधी प्रत्येकाच्या सिरियल नंबरचा फोटो काढा. एकदा बसले की मागची पट्टी वाचता येत नाही. हे नंबर पोर्टलवर भरले जातात, आणि एक आकडा चुकला किंवा तोच नंबर दुसऱ्या अर्जात आधी लागलेला निघाला तर अर्ज तिथेच थांबतो. उत्पादकाचे डीसीआर प्रमाणपत्र व्हेंडरकडून मागून घ्या आणि त्यातले नंबर आपल्या फोटोंशी स्वतः ताडून पाहा. 6 पॅनेलला पंधरा मिनिटे लागतात.

कामाच्या दर्जाबाबत तपासणीवर पूर्ण भिस्त ठेवू नये. तपासणीला येणारा कर्मचारी मीटर, जोडणी आणि नोंदवलेले सामान पाहतो. स्ट्रक्चरचे पाइप दहा वर्षांनी गंजतील का, हे तो सांगणार नाही. ते तुम्हीच पाहा. लोखंडी स्ट्रक्चरवर गरम जस्ताचा किमान 80 मायक्रॉन थर असावा. जागेवर कापून वेल्डिंग केलेल्या सांध्यांवरचा तो थर उडालेला असतो आणि गंज तिथूनच लागतो. अर्थिंगचे तीन खड्डे वेगवेगळे हवेत: डीसी बाजूचा (पॅनेलकडून येणारी वीज), एसी बाजूचा (घराकडे जाणारी वीज) आणि आकाशातल्या विजेपासून वाचवणाऱ्या वीजरोधकाचा. तिन्ही तारा एकाच खड्ड्यात सोडणे ही नेहमीची पळवाट आहे. वीज पडली तर तो झटका त्याच वाटेने इन्व्हर्टरमध्ये शिरू शकतो. पॅनेलखाली वावरता यावे म्हणून उंच स्ट्रक्चर केले तर त्याचा खर्च पूर्ण तुमचा, कारण सबसिडी क्षमतेवर आहे, लोखंडावर नाही. बॅटरीलाही सबसिडी नाही. आणि बॅटरी नसलेली ग्रिडला जोडलेली सिस्टीम वीज गेली की भर उन्हातही बंद पडते. लाइनवर काम करणाऱ्याला झटका बसू नये म्हणून इन्व्हर्टर मुद्दाम तसा केलेला असतो. विक्रीच्या वेळी ही गोष्ट कोणी आपणहून सांगत नाही.

काम झाल्यावर ग्राहकासह पॅनेलचा, ठिकाणाची नोंद असलेला फोटो आणि सामानाचा तपशील पोर्टलवर जातो आणि नेट मीटरचा अर्ज होतो. नियमाप्रमाणे काम पूर्ण झाल्याचा दाखला दिल्यापासून 15 दिवसांत मीटर लागून प्रकल्प सुरू व्हायला हवा. प्रत्यक्षात मीटरचा साठा आणि त्याची चाचणी यांवर बरेच अवलंबून असते. या मुदतीवर बोट ठेवायचे असेल तर दाखला दिल्याची तारीख असलेली पोच तुमच्याकडे हवी. तपासणीनंतर वीज कंपनी कार्यान्वयन प्रमाणपत्र, म्हणजे प्रकल्प सुरू झाल्याचा दाखला, देते. मग शेवटचे काम: आपल्या लॉगिनमधून बँक तपशील आणि कॅन्सल चेक टाकून सबसिडीची मागणी करणे. ती आपोआप होत नाही. पॅनेल चालू झाले, बिल कमी आले, आणि ही मागणी करायचीच राहिली, अशी घरे आहेत. मागणीनंतर 30 दिवसांत रक्कम जमा होणे अपेक्षित आहे. बँकांच्या विलीनीकरणात आयएफएससी कोड बदलला असेल तर जुना चेक टाकू नका.

तोवर सगळे पैसे ग्राहकाने आधी भरायचे, ही या रचनेची जड बाजू आहे. 3 किलोवॉटपर्यंतच्या प्रकल्पाला तारणाशिवाय सवलतीच्या व्याजाचे कर्ज आहे, त्याने भार हलका होतो. तरी व्हेंडरला पूर्ण रक्कम एकदम देऊ नका. शेवटचा हप्ता कार्यान्वयन प्रमाणपत्रावर ठेवा, म्हणजे मीटरचा पाठपुरावा तोही करेल.

सोसायट्यांसाठी लिफ्ट, पंप, दिवे, वाहन चार्जिंग अशा सामाईक वापराला किलोवॉटमागे 18,000 रुपये आहेत. मर्यादा घरामागे 3 किलोवॉट आणि एकूण 500 किलोवॉट. इथे सर्वसाधारण सभेचा ठराव करून घ्या आणि छतावरच्या टाक्या, गच्चीचे हक्क यांचा निकाल आधी लावा. दुकानाच्या व्यापारी जोडणीला ही सबसिडी नाही.

तक्रारीसाठी 15555 हा क्रमांक आहे. अर्ज कोणत्या टप्प्यावर आहे ते तिथून कळते, पण अडलेले काम शेवटी वीज कंपनीच्या उपविभागातूनच सुटते, म्हणून तक्रार लेखी आणि अर्ज क्रमांकासह तिथेच द्या. देखभाल 5 वर्षे व्हेंडरच्या जबाबदारीत येते. करारात वर्षाला किती भेटी आणि इन्व्हर्टर बिघडल्यास किती दिवसांत दुरुस्ती, हे आकड्यांत लिहिले नसेल तर ही जबाबदारी कागदावरच राहते.

नेट मीटर लागल्यानंतरची पहिली दोन बिले नीट वाचा. त्यावर घेतलेले युनिट आणि ग्रिडला दिलेले युनिट असे दोन वेगळे आकडे यायला हवेत. दिलेल्या युनिटपुढे शून्य असेल आणि इन्व्हर्टर मात्र रोज वीज दाखवत असेल, तर मीटर भिंतीवर बदलले आहे पण बिलिंगमध्ये बदललेले नाही. मीटरच्या पडद्यावरच्या दोन्ही वाचनांचा तारखेसह फोटो काढून त्याच आठवड्यात अर्ज द्या, कारण सरासरीचे बिल एकदा लागले की मागचे युनिट परत मिळवायला बरेच खेटे पडतात.