चेनला स्प्रे की नव्वद नंबर? काही महिन्यांच्या वापरानंतर

निकाल आधीच सांगून टाकतो. मोटरसायकलच्या ओ-रिंगच्या, म्हणजे कड्यांत रबराच्या बारीक रिंगा असलेल्या, चेनला ८०डब्ल्यू-९० गिअर ऑईल, म्हणजे मेकॅनिक लोकांचं नव्वद नंबर, चालतं. नुसतं चालत नाही, छान चालतं. आणि मागची रिम घाण करतं. रिमवर डाग दिसला की ज्यांचा जीव खालीवर होतो त्यांनी पुढे वाचलं नाही तरी चालेल, त्यांना चेनला ऑईल म्हणून फवारायचा तयार स्प्रेच बरा.

माझ्या गाडीला ५२० मापाची ओ-रिंग चेन आहे. वर अर्धवट प्लास्टिकचं गार्ड, बाकी सगळी उघडी. रोजचं जाणं-येणं, अधूनमधून लांबचा पल्ला, धूळ भरपूर आणि पाऊसही भरपूर. चेन आणि स्प्रॉकेट (चेन ज्यावर फिरते ती दातेरी चाकं) यांचा सेट नवा टाकला तेव्हाच ठरवलं होतं की या वेळी नीट लक्ष ठेवून बघायचं. सुरुवातीला चिकट स्प्रे, मग थोडे दिवस वॅक्स आणि त्यानंतर आजपर्यंत गिअर ऑईल, असा क्रम झाला.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण याबाबत फार गोंधळ दिसतो. चेनची कडी जवळून बघितली तर मधोमध पिन, पिनभोवती बुश, बुशभोवती सुटा फिरणारा रोलर आणि दोन्ही बाजूंना आतल्या-बाहेरच्या पट्ट्या. हान्स रेनॉल्डने १८८० साली बुश-रोलर चेन काढली, तेव्हापासून मूळ मांडणी हीच आहे. ओ-रिंग ही नंतरची भर. आतली पट्टी आणि बाहेरची पट्टी यांच्यामध्ये रबराची बारीक रिंग बसवून पिन-बुशमधलं ग्रीस कारखान्यातच कोंडून टाकलेलं असतं. त्यामुळे बाहेरून कितीही भारी ऑईल ओतलं तरी ते पिनपर्यंत पोचत नाही, आणि पोचायची गरजही नाही. आपलं ऑईल लागतं ते रोलर आणि बुशच्या फटीत, रोलर आणि स्प्रॉकेटच्या दाताच्या मध्ये, रबर कोरडं पडून चिरू नये म्हणून रिंगच्या कडेला आणि पट्ट्या गंजू नयेत म्हणून वरवर. एवढंच. मग चेनवर अर्धा डबा रिकामा करण्यात काय अर्थ आहे?

स्प्रेबद्दल. लावायला याच्याइतकं सोपं काही नाही, हे मान्य करायलाच हवं. नळी लावा, चाक फिरवा, चेनभर फवारा, झालं. चांगल्या स्प्रेत द्रावक असतं, त्यामुळे फवारताना तो पातळ असतो आणि फटीत शिरतो. मग द्रावक उडून गेलं की मागे चिकट थर उरतो. म्हणूनच स्प्रे मारल्या मारल्या गाडी काढू नये. रात्री मारून सकाळी गाडी काढली की फारसा उडत नाही, हा माझा अनुभव. पण हाच चिकटपणा धुळीच्या रस्त्यावर अंगाशी येतो. थोड्याच दिवसांत रोलरवर काळी राड जमायला लागली. चिमटीत घेऊन चोळली की खरखर लागायची, म्हणजे ऑईलपेक्षा वाळूच जास्त. ही राड रोलर आणि दातांच्या मध्ये दळली जाते. वरून आणखी स्प्रे मारला की ती निघत नाही, नुसती ओली होते. साफ करायला बसलं की दुपार गेली म्हणून समजा. रस्ता स्वच्छ, डांबरी आणि कोरडा असेल तर माझी स्प्रेबद्दल तक्रार नाही. तसा रस्ता कोणाच्या नशिबात असतो ते ज्याचं त्याने ठरवावं.

वॅक्स फार दिवस टिकलं नाही, म्हणून थोडक्यात. चेन दिसायला एकदम स्वच्छ, हाताला काही लागत नाही, धूळही बसत नाही. एका जोरदार पावसात भिजली आणि सकाळी पट्ट्यांच्या कडांवर तांबूस पूड. पुसली की जायची, वरवरचाच गंज होता, पण दर पावसानंतर हा उद्योग कोण करणार? कोरड्या हवेत, शोसाठी ठेवलेल्या गाडीला ठीक.

आता मुख्य विषय. 'स्प्रे-बिप्रे काही नको, नव्वद नंबर मारा' हा सल्ला प्रत्येक जुना मेकॅनिक देतो आणि आपण ते जुनाट म्हणून सोडून देतो. पण गाडीचं मॅन्युअल काढून बघा. बऱ्याच कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये चेनसाठी चेन ल्यूब किंवा ८० ते ९० ग्रेडचं गिअर ऑईल असं चक्क छापलेलं असतं. नव्वद आकडा बघून ते इंजिनच्या चाळीस ग्रेडच्या दुप्पट जाड असेल असं वाटतं, पण दोन्ही मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. १०० अंश सेल्सियसला ९० ग्रेडचं गिअर ऑईल साधारण इंजिनच्या ४० ते ५० ग्रेडइतकंच जाड असतं. फरक आहे तो आत घातलेल्या द्रव्यांचा. दातावर दात जोरात दाबला जातो तिथे ऑईलचा थर फाटू नये म्हणून गंधक-फॉस्फरसची द्रव्यं त्यात असतात. तो उग्र वास त्यांचाच. हाताला लागला की साबणानेही लवकर जात नाही, आधीच सांगून ठेवतो.

लावायची माझी पद्धत अशी. गाडी फिरून आली की चेन कोमट असते, तेव्हाच मेन स्टँडवर घ्यायची. मेन स्टँड नसेल तर पॅडक स्टँड, म्हणजे मागचं चाक उचलून धरणारा सुटा स्टँड. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलला. गाडी गिअरमध्ये टाकून, चाक आपोआप फिरवत ऑईल सोडणारे लोक बघितलेत. चेन आणि स्प्रॉकेटच्या मध्ये फडकं गेलं की बोटही मागोमाग जातं, आणि तिथे बोट परत मिळत नाही. चाक हातानेच फिरवायचं, तेही उलट्या दिशेने. सुई काढलेल्या सिरिंजमध्ये थोडंसं ऑईल घ्यायचं. चेनचा खालचा पदर आपल्यासमोर असतो, त्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे जी बाजू स्प्रॉकेटच्या दातांवर बसते तिथे थेंब सोडायचा. चेन फिरायला लागली की ऑईल आपणहून आतून बाहेर सरकतं, म्हणून आतूनच लावायचं. प्रत्येक रोलरच्या दोन्ही कडांना, जिथे पट्टी आणि रोलर भेटतात तिथे, एक एक थेंब. थेंब क्षणभर फुगून बसतो आणि मग फटीत ओढला जातो, ते दिसतं. ओढला गेला की पुढची कडी. खाली जुना पुठ्ठा ठेवायचा, आणि चेनच्या मागे टायरच्या बाजूलाही एक. टायरवर किंवा मागच्या डिस्कवर ऑईल गेलं तर ती घसरगुंडी आहे, त्यात गंमत नाही.

एक पूर्ण फेरी झाली की चाक आणखी थोडा वेळ फिरवायचं आणि गाडी रात्रभर तशीच ठेवायची. सकाळी कोरड्या फडक्याने चेन बाहेरून नीट पुसायची. बरेच जण पुसायचा कंटाळा करतात आणि मग म्हणतात नव्वद नंबर उडतं. उडणारच! ताशी ६० च्या वेगाला अशी चेन सेकंदाला तीनहून जास्त फेऱ्या मारते, पट्टीवर उरलेलं जास्तीचं ऑईल तिथे कसं थांबेल? जे फटीत शिरलंय ते राहतं. पुसूनही पहिल्या दिवशी रिमवर पंख्यासारखे तपकिरी शिंतोडे येतातच. ते ओले असताना फडक्याने एका हातात निघतात. आठवडाभर तसेच सोडले की त्यावर धूळ बसते आणि मग घासावं लागतं.

स्प्रेच्या मानाने हे ऑईल जास्त वेळा लावावं लागतं. मी साधारण ५०० किलोमीटरला लावतो, पाऊस लागला तर त्याच दिवशी. पण प्रत्येक वेळी साफसफाई करत बसावी लागत नाही, हा मोठा फायदा. पातळ थरावर राड जमत नाही. जी धूळ बसते ती पुसताना ऑईलबरोबरच निघून जाते. मोठी साफसफाई कधीतरी, रॉकेल आणि मऊ ब्रशने. पेट्रोल मुळीच नाही, त्याने ओ-रिंगचं रबर खराब होतं, शिवाय भडक्याची भीती. तारेचा ब्रश नाही. आणि सर्व्हिस सेंटरमध्ये प्रेशरच्या पाण्याचा फवारा थेट चेनवर धरतात तो थांबवायचा, कारण ते पाणी रबराच्या पलीकडे घुसू शकतं. रॉकेलने धुतल्यावर चेन पूर्ण कोरडी पुसून लगेच ऑईल. जंग सोडवायचे जे पातळ स्प्रे मिळतात ते साफ करायला ठीक, पण ल्यूब म्हणून त्यांच्यावर विसंबू नये, ते टिकतच नाहीत. जळकं इंजिन ऑईल तर नकोच. त्यात धातूची बारीक पूड आणि काजळी असते, फुकट असलं म्हणून काय झालं?

फरक जाणवला का? आवाजात नक्की जाणवला. चेन कोरडी पडायला लागली की कमी वेगाला, भिंतीजवळून जाताना, एक बारीक किरकिर ऐकू येते. ऑईलनंतर ती जाते, नुसता मऊ सरसर आवाज उरतो. मायलेज वाढलं वगैरे मी म्हणणार नाही, तसं काही दिसलं नाही.

झिजेचं माप घेत गेलो. चेन लांब होते म्हणजे लोखंड ताणलं जात नाही, पिन आणि बुश झिजतात. ५२० च्या चेनची एक कडी १५.८७५ मिमीची, म्हणजे २० कड्या, पिनच्या मध्यापासून पिनच्या मध्यापर्यंत, ३१७.५ मिमी. तेच माप ३२०.७ झालं तर चेन १ टक्का लांब झाली, म्हणजे प्रत्येक सांध्यात जेमतेम ०.१६ मिमी झीज. ताण देऊन, चेनच्या दोन-तीन वेगवेगळ्या जागी मोजावं लागतं, कारण झीज सगळीकडे सारखी नसते. माझं माप अजून नव्या चेनच्या जवळच आहे. याचं सगळं श्रेय गिअर ऑईलला देणार नाही. आतलं ग्रीस शाबूत आहे, रिंगा चिरलेल्या नाहीत, यातच निम्मं काम झालं. शिवाय चेनची ढिलाई, म्हणजे ती वर-खाली किती हलते ते, मॅन्युअलमध्ये दिली आहे तेवढीच ठेवतो. बऱ्याच रस्त्यावरच्या गाड्यांना ती २० ते ३५ मिमीच्या दरम्यान असते. चाक फिरवत जिथे चेन सर्वांत ताठ लागेल तिथे ती मोजायची. ताठ चेन ऑईलमध्ये बुडवली तरी पुढच्या स्प्रॉकेटच्या शाफ्टचं बेअरिंग खाते.

पुढच्या स्प्रॉकेटचं कव्हर मध्ये एकदा उघडलं. स्प्रेच्या दिवसांतली राड तिथे थापल्यासारखी बसलेली होती, चक्क स्क्रू ड्रायव्हरने खरवडून काढली. ऑईल सुरू केल्यानंतर परत उघडलं तेव्हा ओलसर काळं पाणीच होतं, पुसून निघालं. ही जागा कोणी बघत नाही, तुम्ही एकदा बघा.

लहान गाड्यांना बिन-ओ-रिंगची चेन असते, अनेकदा पूर्ण बंद कव्हरात. तिला मी हे ऑईल आणखी आनंदाने सुचवेन, कारण तिथे ते खरोखरच पिनपर्यंत जायला हवं आणि घट्ट चिकट स्प्रेपेक्षा सुटं ऑईल तिथवर लवकर पोचतं. चेनची दोन टोकं जोडणाऱ्या चेन लॉकची क्लिप मात्र हात लावलाच आहे तर तपासून घ्या, तिचं बंद टोक चेन धावते त्या दिशेला हवं.

सध्या गाडीला नव्वद नंबरच चालू आहे. लांब जाताना बॅगेत ऑईल सांडायची कटकट नको म्हणून छोटा स्प्रे बरोबर ठेवतो. वाटेत भिजलो तर मुक्कामाला पोचल्यावर चेन गरम असतानाच पुसून एक हलका हात मारतो, बाकीचं घरी आल्यावर.