पालेभाजी: पातेल्यात पाणी की झाकणावर पाणी?

एक पद्धत अशी: पालेभाजी भरपूर पाण्यात उकडायची, पिळायची, मग फोडणीला टाकायची. दुसरी: चिरलेली भाजी थेट फोडणीवर, वर खोलगट ताटली आणि पाणी त्या ताटलीत.

माझं मत दुसरीला. पालेभाजीत ९० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. त्याची वाफ गार ताटलीला लागते आणि थेंब होऊन परत भाजीवर पडते. मंद आचेवर मेथी पाचेक मिनिटांत बसते. क जीवनसत्त्व आणि फोलेट (ब गटातलं एक जीवनसत्त्व) पाण्यात विरघळतात. उकडलेलं पाणी ओतलं की त्यातला बराच भाग मोरीत. उष्णतेनं काही क जीवनसत्त्व दोन्हीकडे जातंच म्हणा. बीटा-कॅरोटीन (ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं) मात्र पाण्यात उतरत नाही. मीठ भाजी बसल्यावरच घाला, नाहीतर ढीग बघून हमखास जास्त पडतं.

उकडणं सरस ठरतं ते पालकाला, तेही ऑक्झलेटच्या (पालकात भरपूर असणाऱ्या एका घटकाच्या) मुतखड्याचा त्रास असेल तर. ऑक्झलेट बऱ्यापैकी पाण्यात उतरतं, आणि ते पाणी फेकलेलंच बरं.

गवार, फरसबी नुसत्या वाफेवर तळाला लागतात. त्यांना ताटलीतलंच गरम झालेलं पाणी दोन-तीन चमचे आत सोडायचं.