बिनसाखरेचं पीनट बटर: पावसाळ्यापासून मेपर्यंत वापरल्यावर

आमच्या घरी आधी गोड, गुळगुळीत, कुठल्याही सुपरमार्केटात मिळणारं पीनट बटर यायचं. गेल्या पावसाळ्यात कोथरूडच्या नेहमीच्या दुकानात पुण्यातल्याच एका छोट्या उत्पादकाचा डबा दिसला. मागे घटक वाचले तर फक्त भाजलेले शेंगदाणे. साखर नाही, मीठ नाही, हायड्रोजनेटेड तेल नाही. किलोचा डबा ४०० रुपयांच्या आसपास पडतो, गोड्या बरण्यांपेक्षा थोडा महाग. तेव्हापासून घरात हेच येतं.

पहिल्यांदा झाकण उघडलं की वर चांगलं बोटभर तेल दिसतं, आणि बरेच जण इथेच नाराज होतात. ते तेल दाण्याचंच असतं. शेंगदाण्याच्या वजनात जवळपास निम्मं तेल असतं, दळल्यावर ते सुटतं आणि हळूहळू वर येतं. गोड्या बरण्यांत थोडं हायड्रोजनेटेड तेल घातलेलं असतं. ते साध्या तापमानाला गोठलेलं राहतं आणि दाण्याचं तेल धरून ठेवतं, म्हणून तिथे वर काही तरंगत नाही. कृपा करून हे तेल ओतून टाकू नका, नाहीतर तळाशी उरलेला गोळा चमच्याला दाद देत नाही. डबा आणला की मी तो रात्रभर उलटा ठेवते आणि सकाळी लांब दांड्याच्या चमच्याने तळापासून ढवळून घेते. मग पुढे रोज ढवळावं लागत नाही.

ऋतूप्रमाणे मात्र हे चांगलंच बदलतं. पावसाळ्यात ओट्यावर ठेवूनही काही बिघडलं नाही. यात पाणी जवळजवळ नसतंच, त्यामुळे कोरडा चमचा एवढंच पथ्य. जानेवारीच्या सकाळी ते इतकं घट्ट होतं की पोळीवर पसरताना पोळी फाटते, थोडा वेळ कोमट पाण्यात डबा ठेवला की वळणावर येतं. एप्रिल-मेमध्ये उलटा प्रकार: पातळ होतं, तेल सारखं वर येतं, आणि उन्हाळ्यात दाण्याचं तेल खवट व्हायलाही वेळ लागत नाही. तेव्हा सरळ फ्रिजमध्ये.

आता खरी गोष्ट, चव. बिनसाखरेच्या पीनट बटरमध्ये लपवायला काहीच नसतं, सगळं भाजण्यावर. दाणा कच्चा राहिला तर ओल्या हरभऱ्यासारखा हिरवट वास येतो, जास्त झाला तर करपट कडू. याचा पहिला डबा इतका नेमका होता की झाकण उघडल्यावर थेट कढईत मंद आचेवर दाणे भाजतानाचा वास आला. मध्ये हिवाळ्यात एक डबा गडद रंगाचा निघाला, जिभेवर मागे कडवटपणा राहत होता. तो खवटपणा नव्हता, नुसतं जास्त भाजलेलं होतं. हा फरक ओळखता यायला हवा, कारण खवट किंवा कुबट लागलं तर खाऊच नये. बुरशी लागलेल्या दाण्यात अ‍ॅफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीने तयार केलेलं विष, असू शकतं आणि ते भाजल्याने पूर्ण जात नाही. उत्पादकाला कळवलं, पुढचा डबा पुन्हा पहिल्यासारखा आला. तरी डब्यागणिक रंग थोडा हलतो, हे धरून चालावं.

घरी मिक्सरवर करून पाहिलं नाही असं नाही. आधी कूट होतं, मग गोळा, मग तेल सुटून पातळ. पण भांडं तापतं, मध्ये मध्ये थांबावं लागतं, आणि एवढी मऊ पेस्ट काही होत नाही. थोडंसं हवं असेल तर घरचं उत्तम, किलोभर करणं जिवावर येतं.

आमच्याकडे हे ब्रेडपेक्षा स्वयंपाकातच जास्त संपतं. भरल्या वांग्याच्या रश्शाला दोन चमचे घातलं की दाटपणा लगेच येतो. उपवासाच्या दाण्याच्या आमटीला तर फारच छान, आणि डब्यात दाण्याशिवाय काही नसल्यामुळे एकादशीला सासूबाईंचीही हरकत नसते. गरम ज्वारीची भाकरी, त्यावर हे आणि चिमूटभर मीठ-तिखट, हा माझा आवडता नाश्ता. साबुदाण्याच्या खिचडीत आणि कोशिंबिरीत मात्र घालू नका, चिकट होतं. तिथे जाडसर कूटच हवं.

जिमला जाणारा माझा भाचा याला प्रोटीनचा डबा म्हणतो आणि वाटीने खातो. १०० ग्रॅममध्ये साधारण २५ ग्रॅम प्रथिनं असतात हे खरं, पण ५० ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश असतो आणि जवळपास ६०० कॅलरी. दोन मोठे चमचे एका वेळेला पुष्कळ झाले. मुलांना गोड्या बरणीची सवय असेल तर पहिले काही दिवस ती तोंड वाकडं करतील. आमच्याकडे किसलेला गूळ मिसळून दिलं, मग गूळ कमी करत नेला.

उत्पादकाकडे दोन मागण्या आहेत. डब्याचं तोंड रुंद करा, तळाचं शेवटचं पीनट बटर काढताना हात मनगटापर्यंत माखतो. आणि पॅकिंगच्या तारखेशेजारी दाणे कधी भाजले तेही छापा.