हॉर्नरिस्प की अ‍ॅथ? टॉपचा भोंगा काढायला बसण्याआधी

गेल्या काही महिन्यांत सोलापुरातल्या दोन-तीन साउंडवाल्या मित्रांनी मला एकच प्रश्न विचारला: प्लायचा भोंगा स्वतः काढायचा तर आधी कॉम्प्युटरवर कशात बघायचा? त्यासाठी हॉर्नरिस्प आणि अ‍ॅथ अशी दोन सॉफ्टवेअर आहेत. मी दोन्ही वाटांनी जाऊन आलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. एक्स्पोनेन्शियल, ट्रॅक्ट्रिक्स (भोंग्याच्या आकारांचे प्रकार), क्रॉसओव्हर (बेस आणि वरचा आवाज वेगळा करणारी जागा) हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो.

माझं काम आधी सांगतो, कारण निवड कामावरच ठरते. आमच्या भागातल्या हरिनाम सप्ताहाला कीर्तनासाठी दोन टॉप, म्हणजे बेसच्या वरच्या आवाजाचे स्पीकर, करायचे होते. मंडप रुंद आणि लांबीला कमी. एका कडेला बायका बसतात, आणि नेमकं तिथंच शब्द फुटत नव्हते. आवाज मोठा यायचा, पण 'स', 'श', 'त' गळून जायचे. कीर्तनात शब्दच हरवला तर उरलं काय? त्यामुळे मला जोर वाढवायचा नव्हता. समोर बसलेल्याला जे ऐकू येतं तेच कडेला पंचेचाळीस अंशांवर बसलेल्या आजीला ऐकू यावं, एवढंच हवं होतं.

सुरुवात हॉर्नरिस्पनं केली. ऑस्ट्रेलियाच्या डेव्हिड मॅकबीन यांनी हे फुकट दिलंय आणि वर्षानुवर्षं निगुतीनं सांभाळलंय. एका पडद्यावर सगळे आकडे: गळ्याचं (अरुंद टोकाचं) क्षेत्रफळ, तोंडाचं (रुंद टोकाचं) क्षेत्रफळ, लांबी, ड्रायव्हरची (आवाज काढणाऱ्या युनिटची) माहिती. आकडा बदलला की आलेखाची रेघ लगेच समोर. बेसचा घडीचा (आत दुमडलेला) भोंगा करायचा असेल तर पुढचं वाचूही नका, हेच घ्या. मी अठरा इंची स्पीकरसाठी यात एक डबा काढला होता. तो तयार झाल्यावर इम्पीडन्स (विजेला होणारा विरोध) मोजला, तर आलेखाच्या डोंगर-दऱ्या जवळपास त्याच जागी आल्या. खालच्या आवाजाची लाट डब्यापेक्षा लांब असते, त्यामुळे नळी गोल आहे की चौकोनी यानं फारसा फरक पडत नाही. लांबीनुसार क्षेत्रफळ कसं वाढतं तेवढं पुरतं. वेबस्टर यांनी 1919 मध्ये मांडलेल्या भोंग्याच्या समीकरणाचा पाया तोच आहे.

टॉपला मात्र मी अडकलो, आणि अडकलो ते एका बारीक गोष्टीवर. मी बाजारातून घेतलेलं एक इंची कॉम्प्रेशन युनिट (भोंग्याच्या गळ्याशी बसणारा ड्रायव्हर). आवाजाला चांगलं, किमतीला परवडणारं, पण खोक्यात कागद म्हणावा तर वॉट, ओहम आणि एक गुळगुळीत आलेख. हॉर्नरिस्प विचारतं: डायफ्रामचं (हलणाऱ्या पडद्याचं) वजन किती (तेही हवेचा भार सोडून), लवचीकता किती, बीएल (चुंबक-कॉइलचा जोर) किती, गळ्यापुढच्या पोकळीचं आकारमान किती. त्याचं विचारणं बरोबरच आहे, त्याशिवाय ते हिशोब करणार कशाचा? पण माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी युनिट उघडून डायफ्राम मोजला, बाकीचे आकडे अंदाजानं भरले. मग पोकळीचा आकडा एक घनसेंटीमीटरवरून दोनवर नेला, तर 10 किलोहर्ट्झच्या वरची अख्खी बाजू खाली बसली. परत एकवर आणला, वर आली. भोंग्याचा आकार तसूभरही बदललेला नव्हता! पुढं दोन आठवडे मी आकार बदलत होतो, अंदाजही बदलत होतो, आणि रेघ हलली की ती कशामुळं हलली ते कळेना. चांगल्या कंपनीचं, पूर्ण माहिती असलेलं युनिट ज्यांच्याकडं आहे त्यांना हा त्रास कदाचित होणारच नाही. माझी निवड मात्र इथंच ठरली.

अ‍ॅथ उलट्या टोकानं सुरू होतं. मार्सेल बाटीक यांचं हे प्रोग्रॅम, तेही फुकट. खिडकी नाही, बटणं नाहीत. साध्या मजकुराच्या फाइलीत गळ्याचा व्यास, गळ्याचा कोन, पसाऱ्याचा (आवाज किती रुंद पसरावा त्याचा) कोन, लांबी आणि तोंडाची कड कशी वळवायची ते लिहायचं. ते आकाराची जाळी तयार करून देतं, ती एबेक या हिशोब करणाऱ्या सॉफ्टवेअरला किंवा त्याच्या पुढच्या अवताराला, अकाबाकला द्यायची, आणि ते सगळ्या दिशांचा हिशोब करतं. गळ्यात कुठला ड्रायव्हर आहे हे कुणी विचारत नाही. गळ्याशी एकसारखी हलणारी हवा धरायची आणि आकार तिचं काय करतो ते बघायचं. मला अगदी हेच हवं होतं. समोरच्या रेघेच्या तुलनेत तीस अंशांची रेघ कुठं आहे, पंचेचाळीसची कुठं, ही तुलना युनिट बदललं तरी फारशी बदलत नाही. हॉर्नरिस्पमध्येही दिशेचे आलेख आहेत, पण तोंडाची वळलेली कड आणि भोवतालचा डबा त्यात माझ्या समाधानाइतका उतरत नव्हता. आणि कडेचा परिणाम लहान नसतो. माझा पहिला अगदी गोल भोंगा अकाबाकनं दाखवला तेव्हा बरोबर समोर एक खड्डा होता, कारण गोल कडेवरून उलटणारा आवाज मध्यावर एकाच वेळी पोचतो. कड जास्त वळवून तोंड थोडं चौकोनी केल्यावर तो भरून आला.

त्रास इथंही आहे, तो लपवत नाही. जाळीचा एकेक तुकडा लाटेच्या सहाव्या भागाएवढा हवा. 8 किलोहर्ट्झपर्यंत बघायचं तर सात मिलिमीटर चालतो, 16 पर्यंत जायचं तर साडेतीन. तुकडे चौपट होतात, मेमरी सोळापट लागते. माझ्या लॅपटॉपवर एकेक फेरी पाऊण-पाऊण तास चालायची, आणि मध्येच वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून आधी 8 पर्यंतच बघा, आणि आकार दोन्ही बाजूंनी सारखा असेल तर पाव भागच सोडवा. पसाऱ्याचा कोन निम्मा लिहायचा असतो हेही ध्यानात ठेवा: नव्वद अंश हवे असतील तर 45.

किती मोठं तोंड घ्यायचं याचा अंदाज मात्र कुठलंही सॉफ्टवेअर न उघडता येतो. भोंग्यांवर काम करणाऱ्या डॉन कील यांनी 1970 च्या दशकात दिलेला नियम मीटरमध्ये असा: 25,000 ला पसाऱ्याच्या अंशांनी आणि तोंडाच्या रुंदीनं भागा. नव्वद अंश आणि 36 सेंटीमीटर घेतले तर साधारण 770 हर्ट्झ येतात. त्याच्या खाली भोंगा दिशा सांभाळत नाही. मी युनिट 1,400 हर्ट्झला कापतो, त्याखालचा आवाज त्याला देत नाही, म्हणजे हातात जागा राहिली. मे महिन्याच्या उन्हात हिशोब चुकेल का, असं एकानं विचारलं होतं. चाळीस अंश सेल्सिअसला आवाजाचा वेग सेकंदाला 343 वरून 355 मीटरवर जातो, साडेतीन टक्के. भोंग्याला तेवढ्यानं काही होत नाही.

अ‍ॅथचा आणखी एक फायदा सुताराच्या दारात कळला. आकार थेट त्रिमितीय फाइलीत मिळतो. पूर्व भागात दाराच्या जाळ्या कोरणारा एक सीएनसीवाला आहे. त्याला 18 मिलिमीटरचे नऊ काप करून दिले, त्यानं एमडीएफमध्ये कापले, मी एकावर एक चिकटवले. पायऱ्यांवर लांबी (पुट्टी) भरली आणि आतून बोट फिरवून कुठं खाच लागतेय का ते बघत पॉलिश पेपर मारला. हॉर्नरिस्पमधूनही आकडे बाहेर काढता येतात, पण मला ते क्षेत्रफळावरून पुन्हा आकारात बसवावे लागले असते.

मोजायला गच्ची निवडली. शेजारी यंत्रमाग आहेत, त्यामुळे खडखड थांबते त्या सुट्टीच्या दिवसाची वाट बघितली. भोंगा फिरत्या स्टुलावर, माइक दोन मीटरवर, दर पंधरा अंशांनी एक नोंद. ही काही प्रयोगशाळेतली मोजणी नव्हे, पण तीस आणि पंचेचाळीसच्या रेघा समोरच्या रेघेला धरून उतरत होत्या, 10 किलोहर्ट्झपर्यंत तरी अकाबाकनं दाखवल्यासारख्याच.

बेससाठी मी आजही हॉर्नरिस्पच उघडतो. पण माहिती नसलेल्या युनिटवर बोलण्याचा टॉप करायचा असेल तर पहिला आठवडा अ‍ॅथची फाइल समजून घेण्यात घाला, असं मला वाटतं. त्याआधी एक काम करा: जाड कागदाची पट्टी युनिटच्या गळ्यात धरून त्याच्या भिंती मध्यरेषेपासून किती अंशांनी उघडतात ते मोजा आणि तोच कोन फाइलीत लिहा. माझा पहिला नमुना तिथंच फसला होता. जोडावर चार-पाच अंशांचा सांधा बोटाला लागत होता, आणि तो कानालाही लागत होता.