पार्किन्सन्ससाठी डोळ्यांचे व्यायाम : एका ऑनलाइन वर्गाविषयी

वडिलांच्या पार्किन्सन्ससाठी (हालचाली मंदावणारा मेंदूचा आजार) आम्ही डोळ्यांच्या व्यायामांचा जो ऑनलाइन वर्ग लावला, त्याची सर्वांत जमेची बाजू म्हणजे वळण्याचा सराव. निरोगी माणूस वळताना साधारणपणे आधी नजर, मग मान आणि शेवटी धड वळवतो. या आजारात मात्र नजरेची झेप, म्हणजे नजर झटकन दुसरीकडे नेणे, अपुरी पडते, मान व धड एकाच वेळी वळतात आणि तोल जाऊ शकतो. म्हणून शिक्षिका आधी दाराच्या कडीकडे पाहायला लावतात, मग मान वळवायला सांगतात आणि त्यानंतरच पाऊल उचलू देतात. स्वयंपाकघराच्या दाराशी अडखळणारे वडील आता तिथे बरेच सावरून वळतात. समोर धरलेल्या अंगठ्यावर नजर खिळवून मान हलवण्याचा व्यायामही चांगला आहे. पण त्याने चक्कर येऊ शकते, त्यामुळे तो बसूनच सुरू करावा आणि जवळ कोणीतरी असावे, ही सूचना अगदी शेवटी दिली जाते, हे खटकले. ‘औषधे कमी होतील’ ही जाहिरात तर सरळ दिशाभूल आहे; या व्यायामांनी आजार बरा होत नाही आणि गोळ्यांचे प्रमाण न्यूरॉलॉजिस्टनेच ठरवायचे असते. गोळीचा अंमल चांगला असतो त्या वेळेतला वर्ग मिळत असेल, तरच पैसे भरावेत.